ब्लाउज झाला, आता वर काय घालू? सोलापुरातल्या दुकानात रोज येणारे प्रश्न

माझं दुकान ब्लाउज शिवायचं. बाई माप देते, अस्तराचं ठरवते, तारीख घेते आणि पायरी उतरता उतरता मागे वळते: “आणि ह्याच्यावर घालू काय ओ?” हा प्रश्न शिलाईचा नाही, पण त्याचं उत्तर दिल्याशिवाय सोलापुरात गिऱ्हाईक हलत नाही. मराठी, तेलुगू, कन्नड अशा तिन्ही घरांतल्या बायका येतात. दागिन्यांची नावं वेगळी असतात, अडचण एकच असते. तेच प्रश्न पुन्हा पुन्हा येतात म्हणून एकदा लिहून काढले.

सुरुवात कुठून करायची? आधी कानातलं ठरवू की गळ्यातलं?

दोन्ही नको. आधी अंगावरून जे उतरायचंच नाही, ते मोजा.

कुणाचं मंगळसूत्र असतं, कुणाची तुळशीची माळ, लिंगायत घरात गळ्यातलं लिंग. कुणाच्या मनगटाला तुळजापूरहून बांधून आणलेला दोरा असतो. बोटातली अंगठी वीस वर्षांत निघालेली नसते. आणि चष्मा! चष्मा कुणी मोजतच नाही. जाड काळ्या फ्रेमचा चष्मा म्हणजे चेहऱ्यावरचा सगळ्यात मोठा दागिना. त्याच्या शेजारी खांद्याला टेकणारे झुमके लोंबले की बघणाऱ्याची नजर कुठंच ठरत नाही.

बायका आरशासमोर नवी वस्तू हातात धरून उभ्या राहतात आणि जुन्या वस्तू त्यांना दिसतच नाहीत, कारण त्या रोजच्या असतात. फोटोत मात्र त्याच आधी दिसतात. म्हणून माझी पद्धत अशी: साडी नेसा, नेहमीचं सगळं अंगावर राहू द्या आणि मग आरशात बघा की कुठं मोकळी जागा उरली. नवीन घ्यायचं ते त्या जागेसाठी.

मंगळसूत्रावर हार घातला की गुंता होतो. काय करू?

लांबीत अंतर ठेवा. दोन माळांमध्ये निदान चार बोटं जागा हवी.

ठुशी, चिंचपेटी, वज्रटीक, तन्मणीचा आखूड प्रकार हे सगळे गळ्याला लागून बसणारे. त्यांची लांबी साधारण १४ ते १६ इंच. १८ इंचाची माळ गळपट्टीच्या हाडाखाली येते. रोजच्या वापराची आखूड मंगळसूत्रं बहुतेक इथेच असतात, आणि सगळा घोळही इथेच होतो. बोरमाळ, पुतळ्यांची माळ, मोहनमाळ त्याच्या खाली उतरतात. म्हणजे मंगळसूत्र १८ इंचाचं असेल तर एक तर वर ठुशी घाला, नाहीतर खाली मोहनमाळ. १८ वर २० इंचाची माळ घातली की दोन्ही एकमेकींच्या अंगावर चढतात आणि मागे केसांत अडकतात.

मोठं मंगळसूत्र असलेल्यांचं काम सोपं आहे. ते खाली जाऊन बसतं, वरचा गळा रिकामा राहतो. तिथं एकच ठुशी घातली तरी काम झालं.

आमच्या पूर्व भागातल्या पद्मशाली घरांत पुस्तेलु असतात. सोन्याच्या दोन गोल चकत्या, एक माहेरची, एक सासरची. बऱ्याच जणी ते लांब ठेवून ब्लाउजच्या आत घालतात. मग बाहेरून गळा मोकळाच. अशा बाईनं ब्लाउज शिवतानाच मला सांगावं, कारण आत काही असेल तर गळा फार खोल कापून चालत नाही. वाकलं की चकत्या बाहेर येतात.

गळा कसा शिवलाय त्यावर दागिना अवलंबून असतो का?

असतो, आणि लोकांना वाटतं त्यापेक्षा जास्त. बंद गळा किंवा बोट नेक असेल तर गळ्यात काही घालू नका, कानात मोठं घाला. फार तर लांब माळ कापडावरून खाली सोडा. चौकोनी गळ्याला ठुशी किंवा तन्मणी. पान गळ्याला पदक असलेली माळ बरी, कारण पदक पानाच्या टोकात जाऊन बसतं. गोल गळा कशालाही चालतो, फक्त माळेची कड आणि गळ्याची कड एकमेकींवर येऊ देऊ नका. माळ पूर्ण कातडीवर तरी हवी, नाहीतर पूर्ण कापडावर. अर्धी आत, अर्धी बाहेर असली की दिवसभर हात गळ्याशीच जातो.

आणि मागचा गळा! मागं खोल गळा, लटकन, गोंडे, नाडी एवढं शिवून घेतलं असेल तर हाराचा गोंडा मागं लांब सोडू नका. दोन गोंडे एकमेकांत अडकून बसलेले मी मांडवात कात्रीनं सोडवलेत.

गळ्यात तुळशीची माळ आहे, ती काढायची नाही. मग लग्नात नेकलेस कसा घालणार?

पंढरपूर आपल्याच जिल्ह्यात, त्यामुळे हा प्रश्न दर मोसमात येतोच. माळ काढा असं मी कधी सांगत नाही. तुळशीचे मणी फिकट लाकडी रंगाचे असतात. त्यांच्याशी सोन्याचा पिवळा जुळतो, मोती जुळतो, पण चकचकीत खडे भांडतात. माळेबरोबर बोरमाळ किंवा साधे सोन्याचे मणी घातले तर दोन्ही एकाच घरातले वाटतात. अमेरिकन डायमंडचा सेट घातला तर माळ चुकून राहिल्यासारखी दिसते. तेवढी चूक टाळा.

लिंगाचंही तेच. चांदीच्या डबीतलं लिंग असेल तर त्या दिवशी चांदी हाच तुमचा धातू समजा, किंवा दोरा लांब करून ते आत राहू द्या आणि वर हवं ते घाला. एक अक्का लिंगाच्या शिवदाऱ्याचा, म्हणजे त्या दोऱ्याचा, रंग बघून साडी निवडतात. मला ते फार आवडलं.

कवड्यांचे नेकलेस सगळीकडे आलेत. घालावेत का?

घाला की. फक्त आपण कुठं राहतो ते लक्षात ठेवा. तुळजापूर इथून तासाभराच्या वाटेवर. भवानीचे आराधी आणि भुत्ये गळ्यात कवड्यांची माळ घालतात, ती देवीची असते. घरातली जुनी, देवीच्या परडीसोबतची माळ उचलून कॉलेजच्या डेला घालायची नाही. आजी रागावेल, आणि बरोबरच आहे तिचं. बाजारातल्या कवड्या, दोऱ्यात गुंफलेल्या, सुती कुर्त्यावर किंवा खणाच्या ड्रेसवर छान दिसतात. कवडी पांढरी आणि जड दिसते, म्हणून कानात काहीतरी बारीक घाला. कानात कवडी, गळ्यात कवडी, हातात कवडी असं सगळं एकदम केलं की नाटकातलं पात्र होतं.

इरकल, नारायणपेठ, पैठणी: कोणत्या साडीवर सोनं आणि कोणत्या साडीवर चांदी?

साडीचा अंग नको बघू, काठ बघ, हे आमच्या घरातलं जुनं वाक्य. काठात सोनेरी-चंदेरी जर असेल तर त्या जरीचा जो रंग, तो दागिन्याचा धातू. काठात जरच नसेल तर दोन्ही वाटा मोकळ्या.

इरकलीचा काठ बहुधा विटकरी लाल किंवा किरमिजी, आणि पदर लाल-पांढरा, त्याला टोपतेणी म्हणतात. गोमी काठ असला की काठातच एवढी वीण असते की ती स्वतःच दागिना. अशा साडीला जर नाही, त्यामुळे काळपट चांदी सुरेख दिसते. पण गावाकडच्या म्हाताऱ्या बायका बघा, इरकलीवर त्या सोन्याची बोरमाळ आणि डोरलं घालतात, आणि तेही तितकंच खुलतं. न जुळणारी गोष्ट एकच: नाजूक, चमकणारे पांढरे खडे. इरकल मातीतली साडी आहे. तिच्यावर चंदेरी झगमग टिकत नाही.

नारायणपेठ मूळची तेलंगणातली, पण तिचे माग सोलापुरातही चालले, म्हणून ती आपल्याला घरची वाटते. बारीक चौकडा आणि देवळाच्या शिखरासारखा टोकदार काठ. चौकडा हाच मुळात गजबजलेला असतो, म्हणून दागिना साधा आणि सलग हवा. गोल मण्यांची माळ, कानात कुड्या. नक्षीवर नक्षी नको.

पैठणीचं उलटं. अंग बहुधा सपाट, सगळा जीव पदरात आणि काठात. पदरावर मोर, मुनिया, वेली आहेत, मग तो दिसू द्या. इथं दोन चुका होतात. पहिली, वाकी. पदर डाव्या खांद्यावरून जातो आणि डावा दंड झाकतो. तिथली वाकी कुणाला दिसत नाही, वर जरीला खेचते ती वेगळंच. एकच वाकी असेल तर उजव्या दंडावर घाला. दुसरी चूक, कंबरपट्टा. आमच्याकडे तेलुगू घरांत वड्डाणम, कन्नड घरांत डाबू, नाव कोणतंही असो, तो नेसलेल्या साडीच्या निऱ्या दाबून धरायला चांगला. पण पोटावर पदर आडवा जात असताना त्यावरून पट्टा आवळला की पदराची नक्षी मधोमध तुटते. पट्टा आधी, पदर त्यावरून, आणि उजव्या बाजूला जेवढा दिसेल तेवढा पुरे.

पिनेचंही सांगते. सेफ्टी पिनेच्या वेटोळ्यात कापड अडकून जर फाटते. पीन लावायच्या आधी तिच्यात एक मोती ओवून वेटोळ्यापर्यंत सरकवा. कापड मोत्यापाशी थांबतं. दोन रुपयांत दहा हजारांची साडी वाचते.

खऱ्या सोन्याबरोबर बेंटेक्स घातलं तर कळतं का?

कळतं. सगळ्यांना नाही, पण ज्यांना कळू नये असं वाटतं त्यांना नक्की कळतं.

कारण रंग. आपलं नेहमीचं दागिन्यांचं सोनं २२ कॅरेटचं, म्हणजे शंभरात सुमारे ९१.६ भाग सोनं. त्याचा पिवळा जरा खोल असतो. एक ग्रॅमच्या मुलाम्याचा पिवळा कधी लिंबासारखा, कधी तांबूस. दोन्ही गळ्यात शेजारी ठेवले की फरक ओरडतो. म्हणून ते शेजारी ठेवू नका. गळ्यात खरं, कानात आणि हातात खोटं, किंवा उलट. किंवा दोघांच्या मध्ये मोत्याचा सर घाला. मोती दोन्ही पिवळ्यांना एकमेकांपासून लांब ठेवतो.

दुकानात पिवळ्या बल्बाखाली बघून बेंटेक्स घेऊ नका. अंगावरचं मंगळसूत्र आणि नवीन वस्तू घेऊन दुकानाबाहेर उन्हात या. नवी पेठेतला दुकानदार कुरकुरला तरी या. ऊन आपल्याकडे फुकट आहे.

आणि खरंच घ्यायचं असेल तर काय तपासू?

हॉलमार्क. बीआयएसचं (भारतीय मानक ब्यूरोचं) चिन्ह, शुद्धता (२२ कॅरेटला ९१६) आणि अंक-अक्षरांचा सहा जागांचा एचयूआयडी क्रमांक, ह्या तीन गोष्टी. १ एप्रिल २०२३ पासून दुकानात विकल्या जाणाऱ्या हॉलमार्कच्या सोन्यावर हा क्रमांक लागतो. बीआयएस केअर ॲपमध्ये तो टाकून बघता येतो. सराफ कट्ट्यावर ओळखीचा सोनार असला तरी भिंग मागून बघायला लाजू नका.

गळा काळा पडतो, खाज येते. सोलापूरच्या उन्हाळ्यात काही घालायचं की नाही?

लग्नसराई एप्रिल-मेमध्ये, पारा चाळिशीच्या वर, मंगल कार्यालयात पंखे वरच्या वर गरम हवा ढवळतात, आणि आपण अंगावर किलोभर सेट चढवतो. मग गळा काळा पडणारच.

बहुतेक खोटे दागिने आतून पितळ किंवा तांब्याचे असतात. घामातलं मीठ मुलाम्याखाली शिरतं, तांबं काळं-हिरवं पडतं, तो डाग कातडीवर उमटतो. हा डाग धुतला की जातो, त्याची भीती नको. खाज वेगळी. ती बहुधा निकेलमुळे येते. बाजारात ऑक्सिडाइज्ड म्हणून मिळणारे पुष्कळ दागिने जर्मन सिल्व्हरचे असतात. नावात सिल्व्हर आहे, आत चांदी नाही. तांबं, जस्त आणि निकेल. ज्यांना निकेल सोसत नाही त्यांच्या कानाला पाणी सुटतं. अशांनी निदान कानाची तार तरी खऱ्या चांदीची किंवा सोन्याची बसवून घ्यावी. कुठलाही सोनार पाच मिनिटांत बदलून देतो. माळेच्या मागच्या बाजूला पारदर्शक नेलपॉलिशचा हात दिला तरी दोन-तीन लग्नं निघतात.

अत्तर, पावडर, क्रीम सगळं आधी. ते वाळलं की दागिना. घरी आल्यावर आधी दागिना उतरवा, सुती फडक्यानं पुसा, मग पंख्याखाली बसा. मोत्याला तर घाम अजिबात चालत नाही. मोती म्हणजे शेवटी शिंपल्यातलं कॅल्शियम, आंबट पदार्थानं आणि घामानं त्याची झळाळी जाते. सर्वांत शेवटी घालायचा, सर्वांत आधी काढायचा.

आणि मे महिन्यात माझं खरं मत विचाराल तर गळा रिकामा ठेवा. कानात भरगच्च झुमके, केसांत मोगरा, हातात काचेच्या बांगड्या. चार तासांनी ज्या बाईचा चेहरा टवटवीत दिसतो, ती हीच असते.

गजरा मोगऱ्याचा की अबोलीचा?

लाल, केशरी, किरमिजी साडीला मोगरा. हिरव्या, मोरपिशी, पांढऱ्या साडीला अबोली. अबोलीला वास नाही पण ती सहज सुकत नाही. तेलुगू बायका तिला कनकांबरम म्हणतात आणि मोगऱ्यात मिसळून माळतात. ते दोन्हींपेक्षा छान.

नाक टोचलेलं नाही. नथ घालता येईल?

दाबाची नथ मिळते. पण मोठी घेऊ नका. टोचलेल्या नाकात नथीचं वजन भोकावर येतं, दाबाच्या नथीत ते नुसत्या चिमट्यावर येतं. जितकी जड, तितका चिमटा घट्ट, तितकं नाक लाल. पाच-सात मोत्यांची लहान नथ पुरे.

लावताना नाकाला क्रीम नको, कोरडं करून थोडी पावडर. कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी घरी तासभर घालून बघा, आणि घालून जेवून बघा. श्रीखंडात पडलेली नथ मी पाहिली आहे. ती माझीच होती.

नथ घातली की ओठांचा रंग जरा हलका ठेवा. नथ नेमकी ओठांवर येते, दोन्ही भडक असले तर चेहऱ्याचं मध्यच जड होतं.

बांगड्यांचं माप २.४, २.६ असतं, मग २.१० मोठं कसं?

छान प्रश्न, आणि कॉलेजच्या मुलींना ह्याचं उत्तर माहीत नसतं. हा दशांश नाहीच. टिंबाच्या पुढचा आकडा म्हणजे इंचाचे सोळावे भाग. २.४ म्हणजे दोन इंच आणि चार सोळांश, म्हणजे सव्वादोन. २.८ म्हणजे अडीच. २.१० म्हणजे त्याहून दोन सोळांश जास्त. माप बांगडीच्या आतल्या व्यासाचं असतं.

ऑनलाइन मागवताना आपली नीट बसणारी बांगडी पट्टीवर ठेवून आतून मोजा. सोन्याच्या पाटल्या आणि काचेच्या बांगड्या एकाच मापाच्या लागतीलच असं नाही. काच हात दाबून चढवता येते, कासारीण ते काम हळुवार करते. कडक पाटली तशी चढत नाही.

मांडणी कशी करायची? काच मध्ये, धातू दोन्ही टोकांना. मागच्या बांगडीला पिछोडी म्हणतात, नावातच जागा आली. पुढं गोठ किंवा तोडा. दोन्हीकडून कुंपण असलं की काच निम्म्या हातावर पसरत नाही.

घड्याळ घालायचंच असेल तर त्या हातात बांगड्या नकोत. काचेवर चरे पडतात ते पडतातच, आणि बघणाऱ्याला कळत नाही की बाई लग्नाला आली आहे की ऑफिसला निघाली आहे.

संक्रांतीला काळ्या साडीवर हलव्याचे दागिने. त्याबरोबर सोनं घालायचं?

मंगळसूत्र सोडून काही नको. पांढरा हलवा काळ्यावर उठतो, तोच सगळा खेळ आहे. मध्ये पिवळं आलं की काळं-पांढरं फिसकटतं. हलवा म्हणजे तिळावर, खसखशीवर किंवा साबुदाण्यावर पाक चढवून केलेला काटेरी दाणा. ओल लागली की चिकटतो आणि साडीला डाग देतो. दागिन्याच्या मागे पुठ्ठा किंवा कापड लावलेलं घ्या. बाळाच्या बोरन्हाणाला तर नक्की, नाहीतर काटे टोचून बाळ रडतं. आणि दागिना रात्री उघडा ठेवू नका, सकाळी मुंग्यांची, आपल्या सिद्धरामेश्वरांची भरते तशी, गड्ड्याची जत्रा भरलेली असते.

जत्रेवरून आठवलं, नंदीध्वजाच्या मिरवणुकीत बाराबंदीवर काय घालतात?

काही नाही. सिद्धरामेश्वरांच्या यात्रेतली पांढरी बाराबंदी हा सेवेचा पोशाख आहे. कपाळाला विभूती, झालं. एक तरुण बाराबंदीवर गॉगल आणि चमकत्या पट्ट्याचं घड्याळ घालून फोटो काढत होता. त्याच्या काकांनी तिथंच विचारलं, “काय बे, अक्षता सोहळ्याला चाललालास का बाइकच्या जाहिरातीला?” माझ्याकडे सांगायला ह्याहून चांगलं उत्तर नाही.

मग पुरुषांनी एरवी काय घालावं?

पुरुषांचं थोडक्यात होतं, म्हणून ते चुकलं की जास्त दिसतं.

पट्टा आणि बूट एकाच रंगाच्या घरातले. तपकिरी पट्टा, काळे बूट नको. मोजे पँटच्या रंगाचे. टाय बांधली तर टोक पट्ट्याच्या बकलापाशी यावं. घड्याळाची तबकडी मनगटाच्या कडेबाहेर गेली तर ते घड्याळ तुमचं नाही, मोठ्या भावाचं आहे. कुर्ता-पायजम्यावर पट्ट्याचा प्रश्न नाही, तिथं कोल्हापुरी चप्पल, कानात भिकबाळी असेल तर ती, आणि उपरणं. भिकबाळी आणि मोठा गॉगल एकत्र नको. फेटा बांधणार असाल तर उपरण्याचा रंग फेट्याचा घ्या, कुर्त्याचा नको.

शर्टाच्या बाहीचं बटण लावलेलं असावं. हा दागिना नाही, पण त्याच्याशिवाय कुठलाही दागिना उपयोगाचा नाही.

चादरीचं जॅकेट घेतलंय. त्यावर काय?

अभिनंदन! सोलापुरी चादरीची नक्षी ठसठशीत आणि रंग भडक, कारण ती खाटेवर पसरून लांबून बघायची वस्तू आहे. अंगावर आली की तीच सगळी जागा खाते. आत एका रंगाचा टीशर्ट, चादरीतल्याच एखाद्या गडद रंगाचा. खाली निळी जीन्स. मुलींनी कानात लहान चांदीची रिंग, गळ्यात काही नाही, पाठीला साधी कापडी पिशवी. चादरीचीच पिशवी घेऊ नका. जॅकेट आणि पिशवी दोन्ही चादरीच्या असल्या की अंथरूण घेऊन गावाला निघाल्यासारखं दिसतं.

पर्स आणि चप्पल शेवटी बघितली तर चालतं ना?

नाही चालत, आणि इथंच सगळ्यात जास्त पैसे वाया जातात.

साडी नेसण्याआधी चप्पल घाला, हा सल्ला सगळे देतात, कारण टाचेच्या उंचीवर साडीची लांबी ठरते. पण आपल्या लग्नांत काय होतं? मांडवात शिरताना चप्पल बाहेर. दोन इंची टाचेवर नेसलेली साडी अनवाणी पायांवर दोन इंच लोळते, तुम्ही स्टेजवर चढताना तीच पायाखाली येते, निऱ्या सुटतात. म्हणून विचार करा, किती वेळ चप्पल पायात असणार? दिवसभराचं लग्न असेल तर अनवाणी उभं राहून नेसा आणि सपाट चप्पल घाला. रिसेप्शन असेल तर टाच चालेल. अनवाणी पाय दिसणार म्हटल्यावर जोडवी, पैंजण आणि नखं यांच्याकडे एकदा बघून घ्या. पायात चांदीच. सोनं कमरेखाली घालत नाहीत, ही आपल्याकडची जुनी रीत आहे, आणि काठ सोनेरी असला तरी पायातली चांदी कधी खटकत नाही.

अक्कलकोटला किंवा तुळजापूरला जाताना नवी चप्पल नको. कारण सांगायला नको.

पर्स. पदर डाव्या खांद्यावर, त्यामुळे पट्ट्याची पर्स डाव्या खांद्याला लावली की पदर चुरगळतो आणि पीन ओढली जाते. उजव्या हातात बटवा किंवा छोटी पर्स बरी. घेताना मोबाइल आत घालून बघा. आजचे मोबाइल एवढे मोठे की निम्म्या बटव्यांत मावत नाहीत, मग बाई एका हातात बटवा, दुसऱ्या हातात मोबाइल, आणि अक्षता टाकायला हातच नाही. रंग साडीच्या काठाचा किंवा ब्लाउजचा. ब्लाउज शिवून उरलेल्या खणाचा बटवा आम्ही शिवून देतो, पण सगळं कापड एकसारखं करू नका. ब्लाउज खणाचा, बटवा खणाचा, मास्कसुद्धा खणाचा असा एक काळ येऊन गेला. पुरे.

चेहरा गोल असेल तर लांब कानातलं, लांब असेल तर गोल, हे खरं आहे का?

थोडंफार. पण मी बघते ती मान. मान आखूड असेल तर कानातलं खांद्यापर्यंत लोंबवू नका आणि चिंचपेटी टाळा. चेहऱ्याचा आकार लोक दोन मिनिटांत विसरतात.

बजेट कमी आहे. सुरुवातीला नेमकं काय घेऊन ठेवू?

मोत्याची दोन पदरी माळ, चांगल्या मुलाम्याची एक ठुशी, मध्यम आकाराचे काळपट चांदीचे झुमके, हिरव्या काचेच्या दोन डझन बांगड्या. एवढ्यावर वर्षाची सगळी लग्नं, हळदीकुंकू आणि कॉलेजची गॅदरिंग निभावते. सेट घेऊ नका. सेटमधला हार दोनदा घालतात, कानातलं वीस वेळा घालतात, आणि टिकली-अंगठी-बिंदी डब्यातच मरते. सुटं सुटं घ्या.

ऐन वेळी काही तुटलं तर?

पर्समध्ये चार सेफ्टी पिना, काळा दोरा ओवलेली एक सुई, पारदर्शक चिकटपट्टी आणि शिसपेन्सिलीच्या मागचं रबर. कानातल्याची फिरकी हरवली की त्या रबराचा तुकडा कापून मागून टोचायचा, संध्याकाळपर्यंत हलत नाही. हाराचा फासा तुटला तर दोन्ही टोकं काळ्या दोऱ्यानं बांधून गाठ अंबाड्याखाली ढकला. जड झुमक्यानं कानाची पाळी ओढली जात असेल तर पाळीच्या मागून चिकटपट्टीचा तुकडा लावा आणि त्यातूनच तार घाला. बांगडी फुटली तर हात झटकू नका. आधी साडीच्या निऱ्या झाडा. काच तिथंच पडलेली असते.